एक सर्व्हर, अनेक वाटेकरी: प्रोसेसरची वाटणी कशी होते?

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. घाट संपला की ती सुटतात आणि दुसऱ्या गाडीच्या कामी येतात.

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरमध्ये प्रोसेसरही असाच सामाईक ठेवता येतो. एका सर्व्हरचे अनेक आभासी भाग पाडतात. प्रत्येक भागाला हमीचा वाटा मिळतो. ०.५ कोर म्हणजे दर १० मिलिसेकंदांत ५ मिलिसेकंद. ‘अनकॅप्ड’ भाग इतरांचा रिकामा वेळही वापरू शकतो. मागणारे अनेक असले, तर ० ते २५५ पैकी ठरवून दिलेल्या ‘वेट’च्या प्रमाणात वाटणी होते.

मात्र उसन्या वेळेची हमी नसते. सगळेच भाग एकदम कामात असले, तर फक्त हमीचा वाटा उरतो. म्हणून बँकेच्या महिनाअखेरीसारख्या कामासाठी तोच पुरेसा ठेवावा.