थिसिसच्या वाटेवर – ६ : संदर्भांची उस्तवार

सिनॉप्सिस मंजूर झाला, एथिक्स कमिटीचं पत्र हातात पडलं, की बहुतेक रेसिडेंट संदर्भांचा विषय बाजूला ठेवतात. थिसिस जमा करायची तारीख लांब असते आणि इमर्जन्सी आज रात्रीच असते, हे समजण्यासारखं आहे. पण मग थिसिस छापायला द्यायच्या आठवड्यात, ड्युटी उरकून पहाटेपर्यंत आकडे जुळवत बसावं लागतं. ही दमछाक टाळता येते, म्हणून आजचा लेखांक याच कामासाठी ठेवला आहे.

वैद्यकीय थिसिसमध्ये बहुतेक ठिकाणी व्हँकूव्हर पद्धत चालते. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जमले आणि लेख कोणत्या स्वरूपात स्वीकारायचे यावर त्यांनी एकमत केलं. तेव्हापासून ते नाव चिकटलं. संदर्भ मजकुरात ज्या क्रमाने येतो, तोच त्याचा क्रमांक. वाचणाऱ्याला हे सोयीचं आहे, हाताने सांभाळणाऱ्याला मात्र जिकिरीचं. समजा, गाईडने पंधराव्या आणि सोळाव्या संदर्भाच्या मध्ये एक नवा पेपर घालायला सांगितला. आता सोळापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक आकडा बदलायचा, मजकुरातलाही आणि यादीतलाही. त्यात एक सुटला, तर पुढचा प्रत्येक दाखला भलत्याच पेपरच्या नावावर जातो.

हे काम झोटेरो, मेंडेले किंवा एंडनोट यांच्यावर सोपवता येतं. एंडनोट विकत घ्यावं लागतं. कॉलेजने घेतलेलं असेल तर जरूर वापरा. मेंडेले २०१३पासून एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे. माझा कौल झोटेरोला. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात ते तयार झालं आणि २००६ साली सर्वांसाठी खुलं झालं. ते फुकट आहे आणि नोंदी तुमच्याच लॅपटॉपवर राहतात. ऑनलाइन फाइल ठेवायला ३०० एमबी जागा फुकट मिळते. पीडीएफने ती लवकर भरते, पण नुसत्या नोंदींना ही मर्यादा लागू नाही.

पबमेडवर प्रत्येक पेपरला पीएमआयडी क्रमांक असतो. झोटेरोत जादूच्या कांडीचं चित्र असलेलं बटण दाबा, तो क्रमांक चिकटवा, एंटर करा. लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पानं, सगळं आपोआप भरलं जातं. पेपर पबमेडवर नसेल तर डीओआय क्रमांक चालतो. वर्डमध्ये झोटेरोची पट्टी दिसते. तिथून संदर्भ घातला की क्रमांक आणि यादी दोन्ही तोच सांभाळतो. चॅटबॉटकडून आलेला संदर्भही याच वाटेने आत घ्या. नसलेल्या पेपरचं बिंग बहुतेक वेळा इथेच फुटतं.

तरी नोंद भरली गेली म्हणजे ती बरोबर आहे असं धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल हाताने भरताना नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत गेला, तर यादीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ असा लेखक छापला जातो! नावाशेजारच्या छोट्या बटणाने दोन्ही रकान्यांचा एक केला की प्रश्न मिटतो. परीक्षकाची नजर अशा ठिकाणी हटकून जाते.

मात्र पेपरमध्ये खरोखर काय लिहिलं आहे, हे कुठलंही सॉफ्टवेअर वाचून सांगत नाही. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र आलं. अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची फक्त चार उदाहरणं आढळली, असं त्यात होतं. हे रुग्ण इस्पितळात दाखल होते. पुढे तेच पत्र घरी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांसाठीही पुरावा म्हणून पुढे केलं गेलं. २०१७ साली त्याच जर्नलने याची छाननी छापली. ६०८ वेळा हे पत्र उद्धृत झालं होतं, आणि सुमारे ८१ टक्के लेखकांनी रुग्ण दाखल होते हा तपशील दिलाच नव्हता. अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनाने जे बळी गेले, त्या वाटेवर या आयत्या दाखल्याचाही वाटा होता. क्रमांक बिनचूक, अर्थ भलताच. मला हे उदाहरण प्रत्येक पीजीच्या डोळ्यांसमोर असावंसं वाटतं.

मागे घेतलेल्या पेपरांबाबत झोटेरो मदत करतो. ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या नोंदीशी ताडून तो तुमच्या संग्रहातल्या अशा पेपरवर लाल इशारा दाखवतो. इशारा दिसला की मूळ सूचना उघडून कारण वाचा, आणि मगच तो संदर्भ काढायचा की मागे घेतल्याचा उल्लेख करून ठेवायचा, हे गाईडशी बोलून ठरवा.

पहिल्या वर्षाला असाल तर याच रविवारी झोटेरो बसवा आणि सिनॉप्सिसमधले सगळे संदर्भ पीएमआयडीने आत घ्या. वाचलेल्या प्रत्येक पेपरखाली, त्यातलं तुम्हाला नेमकं काय हवं आहे, हे दोन ओळींत टिपून ठेवा. वाचलेला नाही, तो पेपर यादीत घालू नका.

पुढच्या आठवड्यात मास्टर चार्ट.