तीन वर्गण्या आणि एक ग्रंथालय

मराठी माणसाला वर्गणी नवी नाही. मात्र या एकाच शब्दाने आपण तीन वेगवेगळे व्यवहार ओळखतो. वाचनालयाची वर्गणी भरली की पुस्तक घरी येते, आणि भरणे थांबवले की घरी आणलेले पुस्तकही परत करावे लागते. मासिकाची वर्गणी थांबवली तर पुढचे अंक येत नाहीत, पण आजवर आलेले अंक कपाटात आपलेच राहतात. गणेशोत्सवाची वर्गणी तिसऱ्या प्रकारची. तिच्या बदल्यात हाती पावतीखेरीज काही येत नाही, पण चार घरांनी दिल्याशिवाय मांडव उभा राहत नाही.

बायबलच्या अभ्यासासाठी सॉफ्टवेअर वापरणारे लोक वर्गणीच्या दरांविषयी जाहीरपणे काय म्हणतात, हे मी गेली काही वर्षे वाचत आले आहे. माझी नोकरी महाविद्यालयीन ग्रंथालयातली. त्यामुळे धर्मशास्त्रापेक्षा ग्रंथ, कोश आणि त्यांचे व्यवहार हा माझ्या आवडीचा विषय. ही मते मांडणारे बहुतेक अमेरिकेतले आहेत: चर्चचे पाळक, धर्मशास्त्राचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, रविवारचा वर्ग घेणारे हौशी अभ्यासक. वरवर पाहता भांडण पैशांचे दिसते. बारकाईने वाचले की लक्षात येते, वाद रकमेपेक्षा वर्गणीच्या प्रकाराचा आहे. कंपनी जिला वर्गणी म्हणते ती वाचनालयाची, मासिकाची की मांडवाची?

सूचीपासून सॉफ्टवेअरपर्यंत

ज्ञानेश्वरीत एखादा शब्द कुठे कुठे आला आहे हे पाहायचे तर शब्दसूची लागते. बायबलच्या अभ्यासात अशा सूचीची परंपरा फार जुनी आहे. अलेक्झांडर क्रूडन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याची इंग्रजी बायबलची सूची १७३७ साली निघाली. १८९० मध्ये अमेरिकेत जेम्स स्ट्राँग यांनी पुढचे पाऊल टाकले. मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांना त्यांनी क्रमांक दिले, त्यामुळे त्या भाषा न येणारा वाचकही इंग्रजी शब्दामागचा मूळ शब्द शोधू शकला. ते क्रमांक आजही वापरात आहेत.

सॉफ्टवेअरने या सूचीला व्याकरण आणि वेग दिला. संहितेतल्या प्रत्येक शब्दाला मूळ धातू, विभक्ती, काळ, वचन यांची खूण जोडलेली असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर तुझे प्रेम आहे का? इंग्रजी भाषांतरांत बहुधा तिन्ही वेळा एकच क्रियापद येते. ग्रीकमध्ये मात्र पहिल्या दोन प्रश्नांत एक आणि तिसऱ्यात दुसरे क्रियापद आहे. हा फरक अर्थाचा की केवळ शैलीचा, यावर विद्वानांचे एकमत नाही. पूर्वी त्याचा माग काढायला टेबलावर पाच जाडजूड ग्रंथ उघडावे लागत. आता शब्दावर बोट ठेवले की दोन्ही क्रियापदांची सगळी स्थळे, कोशातले अर्थ आणि भाष्ये समोर येतात. दर आठवड्याला नवा उपदेश तयार करणाऱ्या पाळकासाठी हे रोजच्या कामाचे अवजार आहे.

खरेदीचे दिवस

या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी लोगोस. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९९२ मध्ये ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुरू केली. त्याच वर्षी बायबलवर्क्स आले, आणि १९९४ मध्ये मॅकिंटॉशसाठी अकॉर्डन्स. व्यवहार सरळ होता. सीडी विकत घ्यायची, पैसे एकदाच मोजायचे. पुढे लोगोसने ग्रंथांचे संच केले. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा नावांच्या या संचांची किंमत काही शेकड्यांपासून काही हजार डॉलरांपर्यंत जाई. मोठा संच घेताना आधी घेतलेल्या ग्रंथांची किंमत वजा होत असे. त्यामुळे वर्षानुवर्षे थोडेथोडे घेऊन ग्रंथालय वाढवण्याची सवय लोकांना लागली.

याच कंपनीने आणखी एक जुनी रीत नव्याने आणली. एखादा दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणायचा तर आधी ग्राहकांनी मागणी नोंदवायची. खर्च भरून निघेल एवढी नोंद झाली की काम सुरू होणार आणि आधी नोंदवणाऱ्याला ग्रंथ स्वस्तात मिळणार. इंग्लंडमध्ये ब्रायन वॉल्टन यांनी १६५४ ते १६५७ या काळात सहा खंडांचे, नऊ भाषांतले बायबल छापले ते असेच, आगाऊ वर्गणीदारांकडून प्रत्येकी दहा पौंड घेऊन. आगाऊ वर्गणीदार जमवून मोठा ग्रंथ सिद्धीस नेण्याची रीत आपल्याकडेही होती. केतकरांच्या ज्ञानकोशाची आठवण इथे सहज होते. त्या वर्गणीचा अर्थ होता, ‘पैसे आधी द्या, ग्रंथ जन्माला येईल आणि तो तुमचाच राहील.’

वळण

२०१३ मध्ये अडोबीने आपली चित्र आणि मांडणीची सॉफ्टवेअर यापुढे फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या चित्रकार-छायाचित्रकारांनी निषेध नोंदवला. तरीही कंपनी मागे हटली नाही, आणि इतरांनी धडा घेतला. लोगोसने २०१५ मध्ये काही सोयींसाठी वर्गणीचा पर्याय आणला. तो ऐच्छिक होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र तीन पायऱ्यांची वर्गणी हाच मुख्य मार्ग झाला. सर्वांत खालची पायरी महिन्याला साधारण दहा डॉलरची. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा शोध, सारांश अशा नव्या सोयी वर्गणीदारांसाठी राखून ठेवल्या गेल्या. आधी विकत घेतलेले ग्रंथ ग्राहकाचेच राहतील, हे कंपनीने स्पष्ट केले. एवढे सांगूनही वाद पेटला.

चार मते

पहिले मत विरोधाचे, आणि ते बहुधा जुन्या ग्राहकांचे. त्यांचे गणित सोपे आहे. महिन्याला दहा डॉलर म्हणजे वर्षाला एकशेवीस आणि वीस वर्षांत दोन हजार चारशे; एवढे भरून शेवटी हातात काय उरणार? निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला हा प्रश्न अधिक टोचतो. उत्पन्न थांबते, पण अभ्यास थांबत नाही. उलट त्याला तेव्हाच वेळ मिळतो.

दुसरे मत स्वागताचे, आणि तेही गणितावरच उभे आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला याच दराने तीनशे साठ डॉलर पडतात. ज्या विद्यार्थ्याला हजार डॉलरचा संच एकरकमी घेणे कधीच जमले नसते, त्याला वर्गणीने दार उघडून दिले. एकच दर एकाला भिंत वाटतो आणि दुसऱ्याला पायरी, कारण एक जण आयुष्य मोजतो आहे आणि दुसरा सत्र.

तिसरे मत मला सर्वांत विचारी वाटले. ते ग्रंथ आणि अवजार यांत फरक करते. कोश, भाष्य, संहिता एकदा तयार झाली की ती तशीच राहते, म्हणून ती विकत मिळावी. पण सर्व्हरवर चालणारा शोध किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरे यांवर कंपनीला प्रत्येक वापरामागे खर्च येतो. त्यासाठी वर्गणी मागणे गैर नाही. प्रोग्रामरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स या कंपनीने २०१५ मध्ये ग्राहकांच्या रोषानंतर अशीच तडजोड केली होती: सलग बारा महिने वर्गणी भरली की त्या काळाच्या सुरुवातीला असलेली आवृत्ती कायमची आपली. म्हणजे मासिकाच्या वर्गणीचा न्याय.

चौथे मत म्हणते, देवाच्या वचनावर दाम लावूच नये. ते निव्वळ भावनिक नाही. ई-स्वोर्ड हे सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत मिळते, क्रॉसवायर ही संस्था स्वयंसेवकांच्या बळावर मुक्त सॉफ्टवेअर बनवते, केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने स्टेप बायबल खुले केले आहे, आणि अमेरिकेतल्या एका चर्चने २००८ मध्ये काढलेले यूव्हर्जन हे अॅप जगभर फुकट वापरले जाते. ही मांडवाची वर्गणी: देणारे देतात, वापरणारे सगळे. पण तिलाही मर्यादा आहे. ग्रीक नव्या कराराच्या चिकित्सक आवृत्तीचे हक्क जर्मनीतल्या बायबल सोसायटीकडे आहेत, प्रमाण ग्रीक कोशाचे शिकागो विद्यापीठाकडे, आधुनिक इंग्रजी भाषांतरांचे त्या त्या प्रकाशकांकडे. त्यांचे मानधन कोणीतरी भरावेच लागते.

मालकीचा भ्रम आणि खरे नुकसान

विरोध करणाऱ्यांचे एक गृहीतक तपासून पाहायला हवे: विकत घेतले म्हणजे कायमचे. बायबलवर्क्स पूर्णपणे विकत मिळे आणि विद्वानांचे लाडके होते. जून २०१८ मध्ये ते बंद झाले. ग्राहकांकडची प्रत कोणी हिसकावली नाही. पण नव्या संगणकांशी जुळवून घेणारी माणसेच उरली नाहीत. २०२० मध्ये वर्डसर्च हे सॉफ्टवेअर लोगोसच्या मालकांनी घेतले आणि त्याच्या ग्राहकांना आपले ग्रंथ घेऊन लोगोसमध्ये मुक्काम हलवावा लागला. छापील पुस्तक कपाटात पन्नास वर्षे निमूट राहते. सॉफ्टवेअर तसे नाही. ते नांगरलेल्या नावेसारखे आहे, कोणी देखभाल केली नाही तर जागच्या जागी बुडते. आणि देखभालीला दरवर्षी पैसा लागतो.

दुसरी गोष्ट लोगोसच्या आवृत्त्यांच्या वर्षांवरून दिसते. पाचवी २०१२ ची, सहावी २०१४, सातवी २०१६, आठवी २०१८, नववी २०२०, दहावी २०२२. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती. प्रत्येक आवृत्ती घेणारा ग्राहक प्रत्यक्षात दोन वर्षांची वर्गणीच भरत होता, फक्त तिला ते नाव नव्हते. मग नवे काय झाले? पूर्वी तो एखादी आवृत्ती गाळू शकत होता. यंदा मुलीचे लग्न आहे, सातवी नको, आठवी पाहू, असे म्हणता येत होते, आणि दरम्यान सहावी चालूच राहत होती. वर्गणीत हे गाळणे म्हणजे नव्या सोयी त्या दिवसापासून बंद. ग्राहक ज्याला मालकी म्हणतात ती माझ्या मते बऱ्याच अंशी ही थांबण्याची मुभा आहे. कागदोपत्री पाहिले तर त्यांनी आधीही ग्रंथ नव्हे, वापराचा परवानाच घेतला होता.

ग्रंथालयात ही गोष्ट मी जवळून पाहिली. एका परदेशी पुरवठादाराची संशोधनपत्रिकांची वर्गणी आमच्याकडे अंदाजपत्रकात बसेना म्हणून थांबवली. पुढचे अंक येणार नाहीत हे ठाऊक होते. पण पैसे भरलेल्या वर्षांचे अंकही दुसऱ्या दिवसापासून उघडेनासे झाले. शेजारच्या मांडणीवर त्याच पत्रिकेचे बांधीव जुने खंड मात्र जागच्या जागी होते. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगणे कठीण गेले.

बायबलच्या अभ्यासकाचे आणखी एक धन पणाला लागलेले असते: त्याच्या स्वतःच्या नोंदी. वीस-पंचवीस वर्षांत त्याने वचनावचनाला जोडलेली टिपणे, रंगवलेल्या ओळी, उपदेशांचे कच्चे खर्डे. हे कंपनीने विकलेले नाही, ते त्याचे श्रम आहेत. पण ते राहतात कंपनीच्या घरात. म्हणून मतांमधली सर्वांत कळकळीची वाक्ये दराविषयी नसतात. मी भरणे थांबवले तर, किंवा तुम्ही दुकान बंद केले तर, माझे लिहिलेले मला कशा रूपात परत मिळेल, असा तो प्रश्न असतो.

आपल्याकडे

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी ते छापले. कोश आणि व्याकरणे जमवून त्यांनी जे काम केले, त्यासाठीची साधने आज फोनवर मिळतात. पण जवळजवळ सगळी इंग्रजीतून. मराठी संहिता अॅपवर फुकट वाचता येते. तिच्या मराठी शब्दामागचा ग्रीक शब्द मराठीतूनच उलगडून दाखवणारे, तेवढ्या तयारीचे साधन मात्र माझ्या पाहण्यात नाही. इथल्या अभ्यासकाला दर डॉलरमध्ये मोजावा लागतो, आणि रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या वजावटींविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी वर्गण्या कार्डावरून वळत्या करणे अनेकांना काही काळ जमेनासे झाले होते. मराठी साधनांची बाजारपेठ लहान आहे. पहिल्या दोन प्रकारच्या वर्गण्यांतून ती उभी राहतील असे वाटत नाही. मांडवाचीच वर्गणी गोळा करावी लागेल.

दर किती असावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण कोणत्याही डिजिटल वर्गणीवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात, असे मी ग्रंथालयात येणाऱ्यांना सांगते. भरणे थांबवल्यावर काय उघडे राहील? एखादे वर्ष गाळून पुन्हा येता येईल का, आणि कोणत्या दराने? माझ्या नोंदी दुसरीकडे वाचता येतील अशा रूपात बाहेर काढता येतील का? हा दिवाळी अंक तुम्ही वर्गणी भरून घेतला असेल, तर तिन्हींची उत्तरे तुम्हाला न विचारताही ठाऊक आहेत. पडद्यावरच्या ग्रंथांबाबत ती विचारावी लागतात, आणि विकणाऱ्याने ती पहिल्याच पानावर छापायला हवीत.