चौतीस मीटर खोलीवरचे सोबती

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात सेरेर शेतकऱ्यांच्या बाजरीच्या आणि भुईमुगाच्या शेतांत एक काटेरी वृक्ष पिढ्यानपिढ्या जपलेला दिसतो. वनस्पतिशास्त्रात त्याला फेदर्बिया अल्बिडा म्हणतात. पूर्वी तो बाभळीच्याच प्रजातीत गणला जाई आणि त्याचे नाव अकेशिया अल्बिडा असे होते. या वृक्षाची रीत सर्व झाडांच्या उलट आहे. पाऊस सुरू झाला की तो पाने गाळतो आणि पावसाळा सरून रान करपू लागले की हिरवागार होतो. त्यामुळे पीक वाढीला लागते तेव्हा त्याची सावली पिकाला बाधत नाही, आणि गुरांना कोठे चारा उरत नाही तेव्हा त्याचा पाला व पिवळसर, पिळदार शेंगा उपयोगी पडतात. त्याच्या बुंध्याभोवतीची बाजरी मोकळ्या रानातील बाजरीपेक्षा सरस येते, हे शेतकऱ्यांना ठाऊक होतेच. १९६० च्या दशकात सेनेगलमधील कृषिशास्त्रज्ञांनी मोजमाप करून त्याला दुजोरा दिला. या सुपीकतेचा शोध घेत अभ्यासक जमिनीखाली उतरले, तेव्हा कृषिवनशास्त्रातील, म्हणजे शेती आणि वृक्षसंगोपन एकाच रानात करण्याच्या शास्त्रातील, एक अद्भुत प्रकरण उघड झाले.

त्यासाठी आवश्यक तेवढी पूर्वपीठिका अशी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतींना तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात. शेंगावर्गीय वनस्पतींना हा नायट्रोजन मुळांवरील गाठींमुळे मिळतो, हे हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले, आणि १८८८ मध्येच नेदरलँड्सच्या बायेरिंकने त्या गाठींतील जिवाणू वेगळे काढले. या जिवाणूंना ढोबळपणे रायझोबियम म्हणतात. त्यांतील मंद वाढणाऱ्या गटाला १९८२ मध्ये ब्रॅडीरायझोबियम हे स्वतंत्र नाव मिळाले.

आता मूळ विषयाकडे. द्युपुई आणि द्रेफ्यूस या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेत फेदर्बियाच्या झाडांखाली जमिनीला वेध घेऊन, पृष्ठभागापासून थेट भूजलाच्या पातळीपर्यंतच्या मातीचे नमुने काढले आणि त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. वर्षाला १०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडणारा साहेलचा कोरडा पट्टा आणि १००० ते १५०० मिलिमीटर पावसाचा दक्षिणेकडील पट्टा असे दोन प्रदेश त्यांनी त्यासाठी निवडले होते. कोरड्या पट्ट्यात भूजल फार खोल होते, आणि तेथे ३४ मीटर खोलीवर, म्हणजे जवळपास ११० फुटांवर, ब्रॅडीरायझोबियम जिवंत सापडले. दख्खनच्या पठारावरील नेहमीची खोदलेली विहीर याहून बरीच उथळ असते, आणि नांगराचा फाळ तर वितीभर मातीपलीकडे फारसा जात नाही. शेतजमीन म्हटली की डोळ्यांसमोर येते ती एवढीच माती. त्याच्या कितीतरी पट खाली, प्रकाशाचा लवलेशही नसलेल्या थरात, वृक्षाचा हा सोबती नांदत होता.

मातीत विशिष्ट रायझोबियम किती आहेत हे मोजण्याची रूढ रीतही पाहण्याजोगी आहे. मातीचे पाण्यात क्रमाक्रमाने अधिकाधिक पातळ द्रावण करतात, निर्जंतुक नळ्यांत त्याच झाडाची कोवळी रोपे वाढवतात आणि प्रत्येक नळीत एकेका द्रावणाचा अंश सोडतात. काही आठवड्यांनी ज्या रोपाच्या मुळावर गाठ धरते, त्या द्रावणात निदान एक तरी सुयोग्य जिवाणू होता असे समजून मूळ मातीतील संख्येचा अंदाज बांधला जातो. येथे साक्ष काढली जाते ती खुद्द रोपाची, आणि म्हणूनच ही पद्धत इतकी विश्वासार्ह ठरली आहे.

इतक्या खोलीवर जिवाणू टिकतात कसे, याचे उत्तर मुळांत आहे. फेदर्बियाचे सोटमूळ पाण्याचा माग काढीत सरळ खाली जाते आणि मुळांतून पाझरणारी शर्करा व अन्य द्रव्ये जिवाणूंचे पोषण करतात. साहेलमध्ये वरची माती उन्हाळ्यात भाजून निघते. भूजलालगतच्या थरात मात्र ओल आणि तापमान वर्षभर स्थिर राहते. अमेरिकेतील वाळवंटी प्रदेशात, प्रोसोपिस या आपल्याकडील शमीच्या भावंडाखालीही, १९८० च्या दशकात भूजलाजवळच्या मातीत रायझोबियम आढळले होते. अर्थात खोलीवर जिवाणू सापडले म्हणून झाडाखालची सारी सुपीकता त्यांच्याच खात्यावर मांडता येणार नाही. गळलेला पाला, सावलीला बसणाऱ्या गुरांचे शेण व मूत्र, पक्ष्यांची विष्ठा आणि मुळांनी खालून वर आणलेली अन्नद्रव्ये या सर्वांचा त्यात वाटा आहे, आणि कोणाचा किती यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तथापि मातीचा अभ्यास वितीभर खोलीवर थांबवणे ही मोठी उणीव आहे, एवढे या शोधाने निर्विवाद दाखवून दिले.

याच द्रेफ्यूस यांनी दोमर्ग यांच्यासह १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले काम मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल, कारण त्यात बाभूळही होती. प्रयोगशाळेत काही रायझोबियमांची वसाहत दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसू लागते, तर काहींना आठवडाभर लागतो. बाभळीच्या मुळांवर शीघ्र वाढणाऱ्या जिवाणूंनी गाठी धरल्या, फेदर्बियाने मंद वाढणारे निवडले, आणि सेयाल नावाच्या तिसऱ्या काटेरी वृक्षाने दोन्ही स्वीकारले. एकाच रूपाची, एकाच रानात वाढणारी झाडे, परंतु प्रत्येकाचा सोबती वेगळा. ही निवड रासायनिक संकेतांनी होते. मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये सोडते, ती ओळखून जिवाणू स्वतःचा संकेतरेणू पाठवतो, तो जुळला की मुळावरील सूक्ष्म केस आकड्यासारखा वळून जिवाणूला कवेत घेतो आणि तेथून आत गेलेल्या धाग्यासारख्या मार्गाने जिवाणू मुळाच्या पेशींत पोहोचून गाठ आकाराला येते.

ही गाठ प्रत्यक्ष पाहणे कोणालाही शक्य आहे. पावसाळ्याच्या मध्यावर शेवरीचे किंवा गिरिपुष्पाचे कोवळे रोप ओल्या मातीतून खुरप्याने अलगद उकरावे, मुळे पाण्यात हलकेच खळबळून घ्यावीत आणि मुळाला चिकटलेली एखादी गाठ नखाने चिरावी. आतला भाग लालसर गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. हिरवट किंवा करडी असेल तर तिचे काम संपले आहे. आणि पांढरी असेल तर ती एक तर कोवळी आहे किंवा निरुपयोगी. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या कुळातील प्रथिनाचा असतो. नायट्रोजन फोडणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूच्या स्पर्शाने निकामी होते, पण जिवाणूला श्वसनासाठी तोच प्राणवायू लागतो. हे प्रथिन तो मोजूनमापून पुरवते. खतांच्या कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब वापरून जे साधते, ते या गाठीत साध्या मातीच्या तापमानाला घडते.

शेंगा धरणारे प्रत्येक झाड गाठी धरते, हा समज मात्र सोडला पाहिजे. चिंच, बहावा, गुलमोहर आणि दसऱ्याला ज्याची पाने लुटली जातात तो आपटा हे सर्व शेंगावर्गीय असूनही त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. उलट बाभूळ, खैर, शिरीष, करंज, पळस, पांगारा, हादगा आणि शेवरी गाठी धरतात. कोकण किनाऱ्यावरील सुरू शेंगावर्गीय नसूनही फ्रँकिया या अगदी निराळ्या जिवाणूच्या साहाय्याने नायट्रोजन मिळवतो. बांधावर कोणते झाड लावावे हे ठरवताना हा भेद ध्यानात घेतला गेला पाहिजे.

महाराष्ट्राच्या शेतीपरंपरेत हे ज्ञान आचारातून उतरलेले दिसते. सांगली-मिरज भागातील पानमळ्यांत पानवेलीला आधार आणि सावली देण्यासाठी शेवरी, हादगा व पांगारा लावले जातात, आणि हे तिन्ही वृक्ष गाठी धरणारे आहेत. भाताच्या बांधावरचे गिरिपुष्प छाटून त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात तुडवण्याची शिफारस कोकणात केली जाते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बायफ संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. दख्खनचा काळा पाषाण आणि साहेलची रेताड जमीन यांत मोठे अंतर असल्याने तेथील खोलीचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, परंतु झाडासोबत त्याचा जिवाणू असावा लागतो हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

नेमकी येथेच आजची उणीव दिसते. सोयाबीन, हरभरा वा तुरीच्या बियाण्याला पेरणीपूर्वी गुळाच्या द्रावणातून जिवाणू संवर्धकाचे २५० ग्रॅमचे पाकीट चोळण्याची प्रथा आता रुळली आहे. झाडांच्या रोपवाटिकेत मात्र हा विचार क्वचितच होतो. पिशवीत माती, वाळू आणि शेणखत भरले जाते, वर युरिया दिला जातो, आणि आयता नायट्रोजन मिळाल्यावर रोप गाठी धरण्याचे टाळते. असे रोप मुरमाड माळावर लावले की सोबत्यावाचून खुरटते आणि दोष झाडाच्या माथी येतो. उपाय स्वस्त आहे. ज्या जातीचे रोप करायचे, त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाच्या मुळांलगतची थोडी ओलसर माती पिशवीच्या मिश्रणात मिसळावी, युरिया आवरता घ्यावा, स्फुरद कमी पडू देऊ नये, आणि रोपे बाहेर देण्यापूर्वी एखाद-दुसरे उकरून गाठ चिरून पाहावी. येत्या पावसाळ्यात बांधावर बाभूळ, करंज वा शेवरी लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने रोपवाटिकेत आधी मुळांवर गाठी आहेत का हे विचारावे, आणि मगच रोप घ्यावे.