शरीरसौष्ठवाची स्टिरॉइडे आणि रक्तदात्याची जबाबदारी

रक्तदानाची चळवळ आता गोमंतकाच्या खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. गणेशोत्सव मंडळे, देवस्थान समित्या, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आणि व्यायामशाळा यांच्या वतीने शिबिरे भरतात व धडधाकट तरुण त्यांत हौसेने पुढे होतात. पीळदार शरीराचा तरुण हा आदर्श रक्तदाता होय, अशी आपली स्वाभाविक समजूत असते आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. तथापि शरीर कमावण्यासाठी जो अॅनाबॉलिक स्टिरॉइडे घेतो, त्याच्या बाबतीत ही समजूत फसवी ठरण्याचा संभव आहे. असे का, याचा विचार दाता, शिबिरांचे संयोजक व व्यायामशाळांचे चालक या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

ही औषधे कोणती?

पुरुषाच्या शरीरात वृषणांतून टेस्टोस्टेरोन नावाचे संप्रेरक स्रवते. स्नायूंची वाढ, आवाजातील घोगरेपणा, दाढीमिशा ही त्याचीच कार्ये होत. हे संप्रेरक 1935 साली प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले आणि या क्षेत्रातील संशोधनाबद्दल बुटेनान्ट व रुझिच्का या शास्त्रज्ञांना 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याच्याच धर्तीवर पुढे नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल इत्यादी औषधे निघाली. शरीरात संप्रेरकाची उणीव असल्यास, तसेच इतर काही विकारांत डॉक्टर ती मोजक्या मात्रेत देतात. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले, ते स्टॅनोझोलोलमुळेच. दमा किंवा संधिवात यांवर दिली जाणारी स्टिरॉइडे निराळ्या जातीची असतात. दोहोंची गल्लत करू नये.

आपल्या देशात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. असे असूनही काही ठिकाणी ती चोरवाटेने तरुणांच्या हाती पडतात व उपचाराच्या मात्रेच्या कित्येक पटींनी घेतली जातात.

रक्त दाट का होते?

स्नायूंखेरीज या औषधांचा परिणाम अस्थिमज्जेवरही होतो. तांबड्या पेशी निर्माण करण्याची आज्ञा देणारे एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य वाढते आणि अन्नातील लोह रक्तात येण्यास आडकाठी करणारे हेप्सिडिन कमी होते. परिणामी तांबड्या पेशींची संख्या वाढते व रक्त दाटसर बनते. निरोगी पुरुषाच्या रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा साधारणपणे शेकडा 40 ते 50 असतो. तो 54 च्या वर गेल्यास टेस्टोस्टेरोनचा उपचार थांबवावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. कारण दाट रक्त गोठून हृदयास वा मेंदूस इजा होण्याचे भय वाढते.

येथूनच एक चुकीचा समज जन्मास आला आहे. दर तीन महिन्यांनी रक्तदान केले की दाटपणा उतरतो आणि स्टिरॉइडे निर्धास्तपणे चालू ठेवता येतात, असे काही व्यायामपटू एकमेकांस सांगतात.

रक्तदान हा उपचार नव्हे

रक्तदानाने तांबड्या पेशींचे प्रमाण थोडे उतरते हे खरे. परंतु औषध चालू असेपर्यंत अस्थिमज्जेला मिळणारी चिथावणी थांबत नाही. टेस्टोस्टेरोनचा उपचार घेत असतानाच पुनःपुन्हा रक्तदान करणाऱ्यांचा एक अभ्यास कॅनडात झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, रक्त देऊनही अनेकांचे हिमोग्लोबिन चढेच राहिल्याचे आढळून आले. शिवाय प्रत्येक रक्तदानाबरोबर शरीरातील लोहाचा साठा घटतो. म्हणजे एकीकडे रक्त दाटच राहते आणि दुसरीकडे लोह आटून थकवा येतो. यकृतावरील ताण, हितकर कोलेस्टेरॉलची घट, वृषणांचे मंदावलेले कार्य या हानींवर तर रक्तदानाचा काडीमात्र इलाज नाही.

शिबिरातील तपासणीत हा दाटपणा उघडकीस येईलच असेही नाही. अनेक ठिकाणी रक्ताचा थेंब मोरचुदाच्या द्रावणात सोडून पाहतात. तो बुडाला, तर हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम आहे असे समजते. ते प्रमाणाबाहेर आहे की काय, हे त्यावरून कळत नाही. ही चाचणी दात्याच्या अशक्तपणाचा शोध घेण्यासाठी आहे.

दाट रक्त काढून टाकणे आवश्यकच असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्ण म्हणून नोंद करून केले जाते. ती उपचाराची बाब होय. तिला दानाचे रूप देणे योग्य नाही.

सुईचा धोका

याहून गंभीर प्रश्न सुईचा आहे. यांपैकी पुष्कळ औषधे टोचून घ्यावी लागतात. एकाच सुईचा दोघांनी वापर करणे, किंवा वापरलेली सुई पुन्हा घालून एकाच कुपीतून अनेकांनी औषध काढणे, यामुळे एचआयव्ही तसेच कावीळ ब व क यांचे विषाणू एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतात. चोरवाटेने आलेल्या कुपीत नेमके काय आहे, याचीही शाश्वती नसते.

प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. तरीही संसर्गानंतरचा काही काळ असा असतो की, विषाणू रक्तात असूनही चाचणीत सापडत नाही. आधुनिक चाचण्यांनी हा काळ कमी केला असला, तरी तो शून्यावर आलेला नाही. या फटीतून रोग आत शिरू नये म्हणून दात्याचे खरे उत्तर हाच एकमेव पहारा उरतो.

एका पिशवीतून तांबड्या पेशी, रक्तद्रव व रक्तबिंबिका असे घटक वेगळे काढले जातात आणि ते दोन-तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकतात. त्यांत अपघातात सापडलेला मनुष्य असेल, बाळंतीण असेल, किंवा दर काही आठवड्यांनी रक्तावाचून गत्यंतर नसलेले थॅलेसेमियाचे मूल असेल. यांपैकी कोणालाही दाता निवडण्याची मुभा नसते.

दात्याने काय करावे?

2020 साली सुधारलेल्या नियमांनुसार दात्याचे वय 18 ते 65 वर्षे व वजन किमान 45 किलो असावे. पुरुषांनी दोन रक्तदानांत 90 दिवसांचे व स्त्रियांनी 120 दिवसांचे अंतर ठेवावे. या कसोट्यांत बसूनही, चिठ्ठीविना सुईने औषध घेणाऱ्याने रक्तदान करू नये. गोळ्या घेणाऱ्याने औषधाचे नाव, मात्रा व शेवटचा दिवस डॉक्टरांस मोकळेपणाने सांगावा आणि त्यांचा निर्णय मानावा. केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांचाही उल्लेख अवश्य करावा. त्यांपैकी काही औषधे रक्तावाटे गर्भवतीच्या शरीरात गेल्यास गर्भास अपायकारक ठरू शकतात.

मित्रांच्या आग्रहामुळे रक्त देऊन झाले असेल, तरीही वेळ गेलेली नसते. रक्तपेढीस त्वरित कळविल्यास ती पिशवी बाजूला काढता येते. दात्याने दिलेली माहिती गुप्त ठेवण्यात येते.

संयोजकांनीही पिशव्यांच्या आकड्यासाठी कोणास भरीस पाडू नये आणि प्रश्नोत्तरांसाठी आडोशाची जागा ठेवावी. चार मित्रांसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे कठीण असते. व्यायामशाळांच्या चालकांनी शिबिराच्या आधीच ही माहिती सभासदांस द्यावी. स्टिरॉइडे सोडू इच्छिणाऱ्याने वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण शरीरातील नैसर्गिक संप्रेरक पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात.

आज मी रक्त देऊ शकत नाही, असे शिबिराच्या दारातून सांगून परत फिरणारा तरुणही रुग्णाचे रक्षणच करीत असतो. औषधे सोडून, वैद्यकीय तपासणी करून घेऊन, डॉक्टरांनी पात्र ठरविल्यावर तो पुन्हा रांगेत उभा राहिला, तर रक्तपेढी त्याचे आनंदाने स्वागतच करील.