टूकन
टूकन हे मध्य व दक्षिण अमेरिकेतील वनांत आढळणाऱ्या, मोठ्या व रंगीत चोचीच्या पक्ष्यांचे कुल (रॅम्फास्टिडी) आहे. मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आढळणाऱ्या या कुलात ५ वंश व ४० हून अधिक जाती आहेत. टोको टूकन ही सर्वांत मोठी जात असून तिची लांबी सुमारे ६० सेंमी. व चोच सुमारे २० सेंमी. असते. लहान चणीचे अराकारी व अँडीज पर्वतातील डोंगरी टूकन हेही याच कुलातील होत. सह्याद्रीतील धनेश दिसण्यात टूकनसारखा असला, तरी टूकनचे जवळचे नाते सुतार व तांबट पक्ष्यांशी आहे.

चोच
चोचीचे बाह्य कवच केराटिनचे असते. आत हाडाचे सच्छिद्र जाळे असल्याने ती आकाराच्या मानाने हलकी असते. चोचीतील रक्तप्रवाह कमी-अधिक करून टोको टूकन शरीराचे तापमान नियंत्रित करतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

वनांतील स्थान
टूकन मुख्यतः फळे खातात. कीटक, सरडे व इतर पक्ष्यांची अंडीही त्यांच्या आहारात असतात. गिळलेल्या फळांच्या बिया ते दूरवर टाकतात. ब्राझीलच्या अटलांटिक वनांत ज्या भागांतून टूकनसारखे मोठ्या चोचीचे पक्षी नाहीसे झाले, तेथे जुसारा पामच्या बिया लहान झाल्याचे २०१३ मधील अभ्यासात दिसून आले. मोठ्या बिया गिळणारे पक्षीच उरले नाहीत, हे त्याचे कारण. लहान बिया लवकर वाळतात. त्यामुळे पक्ष्यांच्या ऱ्हासाची झळ वृक्षांच्या पुढील पिढ्यांनाही पोहोचते. टूकन झाडांच्या ढोलीत घरटे करीत असल्याने जुने वृक्ष टिकणे त्यांच्यासाठीही आवश्यक आहे.