मेढ, माळवद आणि काळी माती

मराठीत कुठलेही काम सुरू झाले की त्याची मुहूर्तमेढ रोवली जाते. पतपेढीची रोवतात, साहित्य संस्थेची रोवतात. खरी मेढ म्हणजे वरच्या टोकाला दुबेळके असलेला लाकडी खांब. तो जमिनीत पुरायचा, दुबेळक्यात आढे ठेवायचे, आढ्यावरून वासे सोडायचे. लग्नमांडवाचा पहिला खांब ती मुहूर्तमेढ. हिंगोली जिल्ह्यात ही मेढ अजून कामावर आहे. इथे शेतातला गोठा, अवजारांचे छप्पर आणि राखणदाराची पथारी मिळून जे उभे राहते त्याला ‘आखाडा’ म्हणतात. कुस्तीशी त्याचा संबंध नाही. (कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरच्या नावाशी तो जोडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.) लाकडाच्या जागी आता लोखंडी पाईप आले, पाचटाच्या जागी पत्रे आले. आखाड्याच्या एका बाजूला वेल्डिंगचे मशीन, शेगडी, ऐरण मांडली की तिफण-वखरापासून ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत सगळी दुरुस्ती घरच्या घरी होते. छप्पर मात्र अजूनही पुरलेल्या खांबांवरच उभे असते, आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे.

जुन्या वहिवाटीत गावठाण ती ‘पांढरी’ आणि शेत ती ‘काळी’. घर पांढरीत, आखाडा काळीत. पांढरीतले मराठवाडी घर माळवदाचे. त्याची मोजणी खोल्यांनी नव्हे, खणांनी होते. चार खांबांमधली जागा तो खण. त्यातला खांब पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर नुसता टेकलेला असतो, म्हणून त्याला ओल लागत नाही. वर तुळया, त्यावर किलच, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर दोन फुटांचा धरला, तर एका चौरस मीटरवर जवळजवळ एक टन वजन होते. उन्हाळ्यात असे घर गार राहते आणि कितीही वारा सुटला तरी हलत नाही. माळवद जागेवर राहते ते केवळ आपल्या वजनामुळे.

हेच वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात किल्लारीच्या भूकंपात जिवावर उठले. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाखाली माणसे गाडली गेली. पण अनेक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिल्याचे नंतरच्या पाहणीत दिसले. भिंत ही आडोसा आणि खांब हा आधार, हा जुन्या सुतारांचा हिशेब तिथे खरा ठरला.

हिंगोलीकरांना हे सगळे पुन्हा आठवले २१ मार्च २०२४ च्या सकाळी. ४.५ आणि मागोमाग ३.६ रिश्टरचे धक्के बसले. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते आणि हादरे शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. त्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने एक साधे आवाहन केले: ज्यांनी पत्र्यांवर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते काढून घ्यावेत. दगड तिथे गेले होते वाऱ्याच्या भीतीने. म्हणजे माळवद मोडून पत्रा आला, तरी छप्पर वजनाने दाबून धरायची सवय तशीच राहिली. पत्र्यावरचा दगड हे एक छोटे माळवदच.

वाऱ्याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत चार-पाच किलो. बाजू उघड्या असलेल्या छपरात वारा खालून शिरतो आणि वरूनही ओढतो, म्हणून वळवाच्या वावटळीत पत्रे पतंगासारखे जातात. २० बाय ३० फुटांचे छप्पर केवळ दगडांनी धरायचे म्हटले, तर वीस-वीस किलोचे सव्वाशेहून अधिक दगड लागतील. इतके दगड डोक्यावर ठेवून खाली कोण काम करील?

आता तेच छप्पर पुरलेल्या खांबांवर घ्या. लांब बाजूंना दहा-दहा फुटांवर चार-चार, असे आठ खांब. मधल्या खांबाच्या वाट्याला १०० चौरस फूट पत्रा येतो आणि वादळात त्याला वर उपसणारा जोर साधारण ४३० किलोंचा असतो. खांबाचा खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल घेऊन काँक्रीटने भरला, तर त्या काँक्रीटचे वजनच ४६० किलो होते. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातली गोष्ट खरी आहे: डोक्यावरचे दगड पायाशी गेले. शिवाय पुरलेला खांब आडव्या जोरालाही दाद देत नाही. तळखड्यावर टेकलेल्या खांबाला ते जमत नाही. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा पत्रा परलीनला (खालच्या आडव्या पट्टीला), परलीन कैचीला (छपराच्या सांगाड्याला) आणि कैची खांबाला बोल्टने नीट धरलेली असते. साखळीतला एक जे-बोल्ट ढिला, तर खालचे सगळे काँक्रीट फुकट.

काळीत खरा वैरी वारा नसून पायाखालची जमीनच आहे. बसाल्ट खडक कुजून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती वर येते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. विटांची भिंत अशा जमिनीवर तडकतेच, कारण तिला एकसंध राहायचे असते. सुटे खांब थोडेफार खाली-वर झाले तरी वरची कैची आणि पत्रे ते सोसून घेतात.

तरीही खड्ड्याचा आकार महत्त्वाचा. फावड्याने खणलेला खड्डा सहसा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता होतो. फुगणारी माती अशा पाचरीला धरून वर ढकलते. हवा तो नेमका उलटा आकार. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या पायात जमिनीत सरळ भोक पाडून तळाशी कांद्यासारखा फुगवटा करतात. त्याचा व्यास दांड्याच्या सुमारे अडीच पट असतो. पाण्याने फरक पडत नाही इतक्या खोलवर हा कांदा रुतला की वरची माती कितीही उसळो. आखाड्याला एवढा खर्च परवडत नाही, पण खड्डा तळाशी कोरून रुंद करणे, शक्य तिथे मुरुमापर्यंत जाणे आणि भोवती काळी माती परत न भरणे, एवढे कुणालाही जमते.

लाकडी मेढीचे दुखणे वेगळे. ती कुजते जमिनीच्या अगदी पातळीला. वर ऊन-वारा तिला सुकवतो, खोलात बुरशीला हवा मिळत नाही. वीतभर पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही असतात. वाळवीही तिथेच चढते. म्हणून शेतकरी पुरण्याआधी बुडाला जळके ऑईल किंवा डांबर चोपडतात. जपानमधल्या इसे येथील मंदिराचे खांब दगडाशिवाय थेट जमिनीत पुरलेले आहेत आणि तिथल्या लोकांनी कुजण्याशी भांडणच घेतले नाही: दर वीस वर्षांनी मंदिर शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. ६२ वी खेप २०१३ साली झाली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकापासून विजेच्या तारांसाठीचे, औषध पाजलेले खांब धान्य-अवजारांच्या कोठारांना वापरायला घेतले आणि त्यातून तिकडची खांबांवरची कोठारे रूढ झाली.

लाकूड कुजून गेले तरी खड्डा राहतो. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, १९६८ पासून पुढे, तीन हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्या सापडल्या त्या मुख्यतः खांबांच्या खळ्यांवरून. मेढ कधीच माती झाली होती. तिच्या जागी भरलेली माती वेगळ्या रंगाची होती, एवढ्यावरून घर गोल होते की चौकोनी हे कळले.

हिंगोलीत नवे खांब रोवायला चैत्र-वैशाख बरा. तेव्हा काळी भेगाळलेली असते. भेगेत काठी सोडून पाहावी. ती जिथे टेकते तिथपर्यंतची जमीन तरी नक्की हलणारी आहे; खड्डा त्याच्याखाली न्यायचा.