मुक्कामाची गाडी : आधी एक रात्र, मग भांडवल

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आमच्या भिवंडीच्या बाजारातही या गाडीची चर्चा अधूनमधून निघते. जिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असते ती ही मुक्कामाची गाडी. लूमच्या धंद्यात मंदी आली की तरुण मंडळी दुसरा धंदा शोधू लागतात, आणि ते स्वाभाविकच आहे. आमच्या पुतण्याचाही आग्रह आहे की एक जुनी प्रवासी गाडी घ्यावी, ती आतून बांधून घ्यावी आणि पर्यटकांना भाड्याने द्यावी. त्यासाठी जी रक्कम लागेल ती आमच्या पेढीच्या एका हंगामाच्या सुताची आहे. थान उलगडून हाताने पाहिल्याशिवाय सौदा करू नये, हा आमच्या वडिलांपासूनचा नियम. म्हणून ठरले की आधी अशी एक गाडी भाड्याने घ्यायची, घरच्या पाच माणसांनी तिच्यात एक रात्र काढायची आणि मगच भांडवलाची भाषा करायची.

त्या एका रात्रीची तयारी गेले पंधरा दिवस चालू आहे. या धंद्याचा विचार करणाऱ्या व्यापारी बांधवांना तिचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली बाब कागदांची. स्वतःच्या वापराची गाडी आणि भाड्याने द्यायची गाडी यांची नोंदणी वेगळी असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, मग स्वस्ताईची सगळी किंमत एकदम चुकवावी लागते. आर.सी. बुक, विमा, परवाना, पी.यू.सी. हे सर्व आम्ही स्वतः पाहून झेरॉक्स काढून घेतले. पुतण्याला आणखी एक गोष्ट बजावली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. गल्लीतल्या गॅरेजात सीट काढून पलंग ठोकला की मुक्कामाची गाडी झाली, असे नाही. लायसन्सबाबत मात्र दिलासा आहे. ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. आमच्याकडच्या टेम्पोवाल्यांना ही गोष्ट केव्हाच पाठ झाली आहे.

आता पाण्याकडे येऊ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे सर्वांना माहीत असते, पण गाडी भरताना कोणाच्या लक्षात राहत नाही. आंघोळ घरून करून निघायचे ठरवले तरी वजू, हातपाय, शौच यांसाठी माणशी १२ लिटर धरले, भांड्यांना २० लिटर, आणि पिण्याचा २० लिटरचा जार वेगळा. एकूण १०० लिटर, म्हणजे १०० किलो. त्यात पाच माणसे, अंथरूण, शिधा. जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मधल्या भागात ठेवायचे, टपावरच्या कॅरिअरवर काही नाही. टायरची हवाही भरलेल्या गाडीच्या हिशेबाने भरून घ्यायची.

विजेचा हिशेब पुतण्याला तोंडी पटेना, तेव्हा कागदावर मांडला. भाड्याच्या गाडीची घरगुती बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअरची आहे. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास. पण लेड-ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हाती उरले ९००. दोन छोटे पंखे आठ तास चालवले तर ३२०, दिवे ८०, लहान फ्रिज रातभर सुमारे ३००, पाच मोबाइलला ७५. झाले पावणेआठशे. एक टनाचा ए.सी. मात्र तासाभरात साधारण एक युनिट, म्हणजे १००० वॅट-तास खातो. म्हणजे बॅटरीवर तो एक तासही चालणार नाही. ए.सी. हवा असेल तर जिथे मुक्काम तिथे १५ अँपिअरचा प्लग हवा. भाड्याने देताना गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले नाही तर मध्यरात्री फोन येणार, हे निश्चित.

गॅसच्या बाबतीत आम्ही कोणाचे ऐकणार नाही. ५ किलोचा लहान सिलिंडर, तोही अधिकृत वितरकाकडचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक आहे की नाही ते वाकून पाहिले. थंडी वाजली म्हणून गाडीत शेगडी पेटवायची नाही. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास. दारे बंद करून झोपलेला माणूस उठतच नाही.

कापडाचे आम्हाला कोणी शिकवायला नको! गाडीमालकाने खिडक्यांना पॉलिस्टरचे पडदे लावले आहेत, आणि एक तर बर्नरपासून हातभर अंतरावर. पॉलिस्टर आगीत वितळते आणि कातडीला चिकटते. तो पडदा काढून तिथे आम्ही जाड सुती कापडाचा लावणार आहोत. अंथरुणाला सोलापुरी चादरी उत्तम, पण दमट हवेत लवकर वाळत नाहीत. तेव्हा प्रत्येकी एक जाड आणि दोन पातळ सुती. पलंगाचे माप इंचात घेतले, कारण घरची चादर तिथे लोंबते आणि रात्री पायात येते.

मुक्कामाला भंडारदरा निवडले. आमच्याकडून कसारा घाट, इगतपुरी, घोटी असे गेले तर दीडशे किलोमीटरच्या आत. काही बिघडले तर त्याच दिवशी परतता येईल असेच अंतर पहिल्या वेळी असावे. १९२६ चे विल्सन धरण तिथे आहे, त्याच्या शेजारी शेंडी गाव. गावाजवळ एका हॉटेलवाल्याच्या आवारात गाडी उभी करण्याची तजवीज फोनवरच केली. प्लग आहे, आणि शौचाची टाकी त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करू देतील. तळ्याच्या काठी ती सोडणारे लोक असतात म्हणे. तेच पाणी खालची गावे वापरतात. पहाटे निघायचे, घाट उजेडात ओलांडायचा. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, नुसत्या ब्रेकवर नाही. गाडीची उंची मीटरपट्टीने मोजून स्टिअरिंगसमोर कागदावर चिकटवली आहे, कारण टपापर्यंतची उंची ड्रायव्हरला आतून दिसत नाही, आणि भिवंडीच्या गल्ल्यांतल्या तारा कोणाची वाट सोडत नाहीत.

खरी परीक्षा मात्र अम्मींची. गुडघ्यांमुळे लॉजचे जिने चढवत नाहीत आणि रस्त्यातल्या शौचालयांच्या भीतीने त्यांनी कित्येक वर्षे शहराबाहेर मुक्काम केलेला नाही. गाडीची पायरी जमिनीपासून १६ इंच आहे. सुताराकडून ८ इंचांचा रुंद पाट करून घेतला, त्याला खाली रबर ठोकले, आणि दाराच्या आत धरायला दांडा बसवू द्यावा म्हणून मालकाला राजी केले. उद्या पर्यटकांना गाडी द्यायची झाली तर असे वृद्ध गिऱ्हाईक प्रत्येक घरात आहे. पुतण्याच्या आराखड्यात मोठा टी.व्ही. होता, दांडा नव्हता.

गाडी एक दिवस आधी संध्याकाळी ताब्यात घेणार आहोत. त्या दिवसाचे भाडे जास्त पडते, पडू द्या. नेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो मालकासमोरच काढायचा, म्हणजे डिपॉझिटवर वाद नको. ती रात्र गोदामाच्या अंगणातच गाडीत झोपायचे. ओट्यावर पाण्याचा पेला ठेवून गाडी सपाट उभी आहे का पाहायचे, नळ, पंप, शौचाची टाकी, सगळे वापरून पाहायचे. काय कमी पडले ते घर पाच पावलांवर असतानाच कळलेले बरे. सकाळी पुतण्याने वहीत दोन रकाने लिहायचे : काय वापरले आणि काय नुसतेच वाहून नेले.

अम्मींनी एवढेच विचारले आहे की त्यांचे पानदान कुठे राहील. ओट्याखालच्या खणात, दोरीने बांधून.